जुन्या बोटीची इंजिन रूम: रंगाच्या आधी गोडं पाणी

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. हर्णै, मिरकरवाडा, मालवण, सगळीकडे बोटी वर ओढून शाकारल्या जातात आणि वर्षभर रखडलेली इंजिन रूमची कामं निघतात. घासायचं, खरवडायचं आणि रंग मारून मोकळं व्हायचं, अशी बऱ्याच ठिकाणची रीत. माझ्या मते यात एक पायरी राहून जाते, आणि तीच सगळ्यात महत्त्वाची आहे. रंगाच्या आधी मीठ काढायला हवं.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. पाणी वाळतं, मीठ इंजिनच्या पायावर, बोल्टच्या खाचांत, वायरींच्या टोकांवर बसून राहतं. साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराईडही असतं, त्याला तर ३३ टक्के आर्द्रताही पुरते. आणि दुरुस्तीचे आपले महिने ऐन पावसाळ्याचे! म्हणजे वरून कोरडं दिसणारं लोखंड मिठाच्या थराखाली ओलंच असतं. त्यावर रंग दिला, तरी रंगाच्या पापुद्र्यातून पाण्याची वाफ हळूहळू आत शिरते, मीठ तिला धरून ठेवतं, आणि थोड्याच महिन्यांत फोड येतात. फोड फोडून पाहा, खाली गंजाचं पाणी सापडेल.

म्हणून आधी बॅटरी सोडवायची, हवेचं तोंड आणि वायरींचे जोड झाकायचे आणि तेलकटपणा काढायचा, कारण तेलाखालच्या मिठापर्यंत पाणी पोचत नाही. मग गोड्या पाण्याने ब्रशने धुवायचं आणि पंखा लावून पूर्ण वाळवायचं. धुतलेलं तेलकट पाणी खाडीत सोडू नये, डब्यात भरून वर आणावं. रंग पांढरा किंवा फिका घ्यावा, म्हणजे तेलाची नाहीतर डिझेलची गळती पहिल्याच दिवशी नजरेस पडते.

गंज हा खारट पाण्यातला विजेचा खेळ आहे, आणि तो ब्रिटिश आरमाराला फार महागात पडून समजला. १७६१ साली ‘अलार्म’ या लाकडी युद्धनौकेच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले, खिळे मात्र लोखंडी. १७६३ मध्ये जहाज तपासलं तेव्हा अनेक खिळे झिजून गेलेले होते. काही खिळे मात्र शाबूत राहिले. पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते, त्याचा तुकडा तिथे लोखंड आणि तांब्याच्या मध्ये चुकून राहून गेला होता! दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि दोघांना खारं पाणी लागलं की छोटी बॅटरी तयार होते, आणि त्यातला सहज गंजणारा धातू झिजतो. कागदाने तीच जोडणी तोडली. आजही ब्राँझच्या व्हॉल्व्हला लोखंडी बोल्ट दिसला, तर तो बदलावा. साधं पितळही खाऱ्या पाण्याच्या लाइनला नको. त्यातलं जस्त निघून जातं, तुकडा गुलाबीसर होतो आणि हाताने मुरडला तरी मोडतो.

इंजिनपासून पाण्यातल्या पंख्यापर्यंत (प्रोपेलरपर्यंत) जाणाऱ्या दांड्यावर, म्हणजे शाफ्टवर, जस्ताची वडी लावतात ती याच नियमाने: जस्त झिजतं, शाफ्ट आणि पंखा वाचतो. पण लाकडी बोटीत ‘एकापेक्षा दोन बऱ्या’ म्हणून वड्या वाढवू नयेत. जपलेल्या धातूच्या पृष्ठभागावर अल्कली तयार होते आणि ती भोवतीच्या लाकडातलं, त्याचे धागे बांधून ठेवणारं लिग्निन खाते. बोल्टच्या बाजूला पांढरी भुकटी आणि बोटाने खरवडता येईल असं मऊ लाकूड दिसलं, तर कारण बहुधा हेच. वर्षानुवर्षं टिकणारं सागवान अशा ठिकाणी बोल्ट धरू शकत नाही, हे पाहून जीव हळहळतो.

बॅटरीची सोललेली वायर तळाच्या पाण्यात पडली असेल, तर काम याहून बिघडतं. बारा व्होल्टचा बाहेरचा प्रवाह काही आठवड्यांत फिटिंग खाऊन टाकू शकतो. वायरी वर बांधून घ्याव्यात, जोड कोरड्या जागी आणावेत.

एक्झॉस्टच्या तापलेल्या पाइपावरचं, उष्णता अडवणारं कापड फाटलं असेल तर ते बदलणं टाळू नये. डिझेल साधारण २१० अंश सेल्सियसच्या पुढे ठिणगीशिवायही पेट घेऊ शकतं. जुन्या बोटीत ते कापड अॅस्बेस्टॉसचं असू शकतं, तशी शंका आली तर ते कोरडं ओरबाडू नका, जाणकाराकडून काढून घ्या.

इंजिन परत बसवलं की शाफ्टची रेषा जमवायची, म्हणजे इंजिन आणि शाफ्ट एका सरळ रेषेत आणायचे. ती किनाऱ्यावर ढोबळ बघावी, शेवटची मात्र बोट पाण्यात उतरवल्यावर. टेकूंवर उभी असताना सांगाड्याचा आकार वेगळा असतो, पाण्यात भार सगळीकडे वाटला जातो आणि फळ्याही फुगतात. एक-दोन दिवस बोट तरंगू द्यावी, मग इंजिन आणि शाफ्ट जोडणाऱ्या कपलिंगच्या दोन चकत्यांमधली फट चारही बाजूंनी फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजावी. नेहमीचा नियम असा, की चकतीच्या व्यासाच्या दर इंचाला फरक एक हजारांश इंचापेक्षा जास्त नको. पाच इंची कपलिंगला हा फरक ०.१३ मिलिमीटर भरतो. त्याहून जास्त राहिला, तर थरथर, तापणारं बेअरिंग आणि लवकर खराब होणारी ग्लँडची (शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथल्या पाणी अडवणाऱ्या जोडाची) दोरी, सगळं मागोमाग येतं. ग्लँडमधून शाफ्ट फिरताना मिनिटाला काही थेंब गळायलाच हवेत. त्याच पाण्याने दोरी थंड राहते, म्हणून नट आवळून ते पूर्ण बंद करू नयेत.