नवीन तलंगा जुन्या कोंबड्यांत सोडताना

आमच्याकडून तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या घेतल्यात, मनापासून थँक्यू. आता घरी पोचलात की पहिली घाई होते ती बॉक्स उघडून सरळ परसात जुन्या कोंबड्यांत सोडून द्यायची. तेवढी एक करू नका, बाकी सगळं सांभाळून घेता येतं. आम्हाला पहिल्या आठवड्यात जे फोन येतात ना, डोक्यातून रक्त येतंय, नवीन खातच नाहीत, कोपऱ्यात नुसत्या बसून आहेत, त्यातले बरेचसे या घाईमुळेच आलेले असतात.

पहिले २१ दिवस लांब, जमलं तर ३०

हे आम्ही स्वतः भोगलंय म्हणून सांगतो. हा धंदा सुरू करायच्या आधी घरी ९ गावठी होत्या, त्यात बाजारातून २ छान तुकतुकीत दिसणाऱ्या आणल्या आणि त्याच संध्याकाळी सगळ्या एकत्र कोंडल्या. पाचव्या दिवशी नव्यातली एक पंख पाडून बसली, हिरवट पातळ शिट, मग जुन्यांतल्या एकेकीची मान वाकडी व्हायला लागली. मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग. १५ दिवसांत ११ मधल्या ३ उरल्या. आई रोज सकाळी खुराड्याचं दार उघडायची आणि आत हात घालायच्या आधी जरा थांबायची, ते अजून डोळ्यासमोर आहे.

आमच्या पक्ष्यांना राणीखेतची लासोटा लस ७व्या आणि २८व्या दिवशी, मधे १४व्या दिवशी गंबोरो रोगाची लस आणि ८व्या आठवड्यात राणीखेतचीच आर टू बी लस दिलेली असते. तरीपण २१ दिवस लांबच ठेवा, कारण प्रश्न दोन्हीकडून असतो. तुमच्या जुन्या कोंबड्या एखादी सर्दी अंगात घेऊन मजेत फिरत असतात, त्यांना काही होत नाही पण प्रवासाने दमून आलेल्या नव्या पक्ष्याला तीच धरते.

लांब म्हणजे मांगरात, गोठ्याच्या पलीकडे, घराच्या दुसऱ्या अंगाला, ३०-४० फूट तरी. दाणापाणी आधी जुन्यांना, मग नव्यांना, उलट नको. भांडी वेगळी, आणि नव्यांकडे जायची चप्पल वेगळी, ही चप्पलच सगळे विसरतात. रोज शिट बघा, डोळ्यात फेस येतोय का बघा, शेपटीखालची पिसं उलटी करून उवा आहेत का बघा. आणि रात्री सगळं सामसूम झालं की खुराड्याला कान लावा, घशातली खुरखुर दिवसा ऐकू येत नाही ती रात्री स्पष्ट कळते.

जुन्यांना लस दिलेली नसेल तर याच दिवसांत उरकून घ्या. गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा, फक्त एक अडचण असते, बाटली बहुतेक वेळा १०० पक्ष्यांची असते आणि तुमच्याकडे ८ असतात, आणि एकदा पातळ केलेली लस दोनेक तासांत संपवावी लागते. म्हणून वाडीतल्या चार घरांनी मिळून एकाच दिवशी देणं बरं पडतं. लस बर्फात घालून आणायची, खिशात नाही. अंगात ताकद यायला साधारण २ आठवडे लागतात.

मग एक आठवडा जाळीआड

कोंबड्यांत कोण आधी खाणार, कोण कुठल्या दांडीवर बसणार हे ठरलेलं असतं. नॉर्वेतल्या थोरलाइफ शेल्डेरुप-एब्बे यांनी १९२१ साली हे शास्त्रात मांडलं, तेही कोण कोणाला टोचतं याच्या नोंदी ठेवून ठेवूनच. नवीन पक्षी आला की ही सगळी उतरंड परत लावली जाते, ती लागणारच, आपण फक्त रक्त न येता लागेल एवढं बघायचं. त्यासाठी खुराड्याला लागून जाळीचा एक कप्पा करा, नव्या आत, जुन्या बाहेर, आणि दोघांचं खाद्य जाळीच्या अल्याड-पल्याड जवळजवळ ठेवा. पहिल्या दिवशी जुन्या जाळीवर चोच मारतात, चौथ्या-पाचव्या दिवशी शेजारी शेजारी खायला लागतात.

एकटी तलंग कधीच सोडू नका, कमीत कमी दोन, तीन असल्या तर उत्तम, म्हणजे मार एकीवर येत नाही. आणि वजन बघा, दोन किलोच्या जुन्या कोंबडीपुढे ९०० ग्रॅमची तलंग टिकत नाही, १६ आठवड्यांची होऊ द्या.

खाद्याचं मात्र नीट लक्षात ठेवा, लेअर मॅशमध्ये, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात, कॅल्शियम साडेतीन-चार टक्के असतं, अंड्यावर न आलेल्या तलंगांच्या किडनीला ते झेपत नाही. एकत्र असताना सगळ्यांना ग्रोअर, म्हणजे वाढत्या पक्ष्यांचं खाद्य द्या आणि शिंपल्यांचा चुरा करवंटीत वेगळा ठेवा, ज्यांना गरज असते त्या बरोबर जाऊन खातात.

सोडायचा दिवस

घरी कोणीतरी दिवसभर असेल असा दिवस धरा. दुपार उतरल्यावर परसात मोकळं सोडा, खुराड्यात नाही. खाद्याच्या दोन जागा करा, एकीवरून दुसरी दिसणार नाही अशा, पाणीही दोन ठिकाणी. एखादी जुनी फळी भिंतीला टेकवून ठेवा, मागे लपता येतं. काळोख पडल्यावर नव्यांना हाताने उचलून दांडीवर बसवा, अंधारात कोंबड्यांना फारसं दिसत नाही त्यामुळे भांडण होत नाही. पण सकाळी उजाडायच्या आत दार उघडायचं, हे चुकलं तर रात्रीची सगळी मेहनत वाया.

आमच्याकडे एक जुनी कवडी कोंबडी होती, ती तिन्हीसांजेला बरोबर खुराड्याच्या दारात उभी राहायची, बाकीच्या जुन्या तिच्या बाजूने आत जायच्या आणि नवीन आली की मान फुगवून एकच टोच. दोन्ही नव्या पावसात पेरूखाली भिजत बसलेल्या सापडल्या. शेवटी तिलाच चार दिवस डालग्याखाली लांब ठेवली, परत आणली तेव्हा तीच नवी झाली होती, दारात उभं राहणं बंद. मार खाणारीला नाही, मारणारीला बाहेर काढायचं.

एखादी टोच, थोडी पळापळ, हे चालायचंच, मधे पडू नका. रक्त दिसलं की मात्र लगेच उचला, लाल दिसलं की बाकीच्या पण तिथेच टोचत राहतात. खोबरेल तेलात हळद लावा आणि जखम सुकेपर्यंत वेगळी ठेवा. नवीन खातेय का अशी शंका आली तर रात्री तिची छातीवरची अन्नाची पिशवी चाचपा, भरलेली असेल तर लिंबाएवढा गोळा हाताला लागतो. दोन रात्री रिकामी लागली तर तिला वेगळं खायला घाला.

रात्रीच्या खुराड्यात एका पक्ष्याला २ चौरस फूट आणि दांडीवर ८ इंच जागा हवीच. तेवढी नसेल तर आधी खुराडं वाढवा, तलंगा आम्ही तुमच्यासाठी राखून ठेवू.

भर पावसात एकत्र करणं शक्यतो टाळा. तूस ओलं राहिलं की रक्ती हगवण लागते, आणि नव्या पक्ष्याला ती आधी गाठते. ओलं तूस काढून कोरडं घाला, राखेचा एक कोपरा ठेवा, त्यात लोळून उवा जातात.

जुन्यांची अंडी आठ-पंधरा दिवस कमी होतील, घाबरू नका. नव्या २०-२२ आठवड्यांच्या आसपास, तुरा लालभडक झाला की अंड्यावर येतात. पहिली अंडी लहान असतात, कधी कवचावर रक्ताची बारीक रेघ दिसते, त्याला औषध लागत नाही.