वारा पडेपर्यंत थांबा, असं आम्ही का म्हणतो

जॉयराइड किंवा पहिला उड्डाणपाठ बुक करून आलेल्या मंडळींना कधी कधी आम्ही दोन तास बसवून ठेवतो आणि शेवटी "आज नको, दुसरी तारीख घ्या" म्हणतो. वर लख्ख ऊन, ढगाचा मागमूस नाही, मग अडचण कसली, असं लोक विचारतात. विचारायलाच हवं. उत्तर या कागदावर आहे.

आधी 'स्टॉल' या शब्दाबद्दल. चढावर क्लच चुकला की गाडी बंद पडते, तसा हा प्रकार नाही. इंजिन पूर्ण ताकदीने चालू असतानाही विमान स्टॉल होतं. समोरून येणाऱ्या हवेशी पंखाचा कोन साधारण 15-16 अंशांच्या पलीकडे गेला की पंखाला चिकटून वाहणारी हवा सुटते आणि पंख विमानाला पेलेनासा होतो. उपाय सोपा: नाक खाली, वेग परत. पण त्यासाठी पायाखाली उंची हवी. तीन हजार फुटांवर आम्ही विद्यार्थ्यांकडून हा सराव हसतखेळत करून घेतो. दोनशे फुटांवर असं झालं तर सावरायच्या आधी जमीन येते.

वेग कमी पडला की उंची राखायला हा कोन वाढवावा लागतो, म्हणून स्टॉलचा हिशेब वेगातही मांडतात. आमच्या सेसना 172 एस या छोट्या विमानाचेच आकडे घ्या. फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेची, खाली सोडता येणारी पाती) वर, पूर्ण वजन, सरळ उड्डाण असेल तर 48 नॉटला स्टॉल. (एक नॉट म्हणजे ताशी 1.85 किलोमीटर.) धावपट्टीवर 55 ला नाक उचलायचं आणि 74 वर नेऊन चढायचं. या दोन आकड्यांमधली काही सेकंदं नाजूक असतात. समजा समोरून 25 नॉटचा झोत होता, विमान 65 वर पोहोचलं आणि वारा एकदम 10 वर आला. पंखाला मिळणारा वेग क्षणात 50 वर. त्याच वेळी वैमानिक उंची राखून 30 अंश कलून वळत असेल, तर स्टॉलचा वेग 48 वरून 52 च्या जवळ गेलेला असतो. म्हणजे विमान स्टॉलमध्ये.

वळणात डोळेही फसवतात. वारा पाठीशी आला की खालची शेतं भराभर मागे पळतात, वेग भरपूर आहे असं वाटतं आणि हात नकळत नाक वर ओढतो. पंखाला शेतांशी देणंघेणं नाही. खरं काय ते वेगाचा काटा सांगतो.

11 एप्रिल 1996 रोजी अमेरिकेत, वायोमिंगमधल्या शायेनला असाच एक अपघात झाला. जेसिका डुब्रॉफ या सात वर्षांच्या मुलीची देशभर उड्डाणाची मोहीम चालू होती. सोबत वडील आणि विमानाचे खरे सूत्रधार असलेले प्रशिक्षक. पावसात, 20 नॉट वारा आणि 30 चे झोत असताना सेसना 177 ने उड्डाण केलं, वळणात स्टॉल होऊन कोसळलं आणि तिघेही गेले. विमान मर्यादेपेक्षा 96 पौंड, म्हणजे सुमारे 44 किलो जड होतं. धावपट्टी सहा हजार फुटांहून उंचावर होती आणि प्रशिक्षकांना तिथल्या इतक्या विरळ हवेची सवय नव्हती. आखलेला कार्यक्रम पाळायचा हट्ट आणि माध्यमांना दिलेल्या वेळा, यांचाही या निर्णयात वाटा होता, असं तिथल्या चौकशीत नोंदलं गेलं. आमच्या मते त्या अहवालातली सगळ्यात महत्त्वाची ओळ हीच. वारा तर सगळ्यांनाच दिसत होता.

विरळ हवेसाठी शायेनला जायची गरज नाही. दोन हजार फुटांवरच्या धावपट्टीवर मे महिन्यात पारा 40 अंशांवर गेला की विमानासाठी तिथली हवा जवळजवळ साडेपाच हजार फुटांवरची होते, कळसूबाईच्या माथ्यावरून उडाल्यासारखी. पंख तोच, पण इंजिनाचा जोर कमी, धाव लांब, चढ मंद. त्यात उन्हाळी दुपारी जमीन तापून वावटळी उठतात, आणि वळिवाचा ढग दहा-पंधरा किलोमीटर दूर असला तरी त्याच्यापुढे वाऱ्याचा लोंढा धावपट्टीपर्यंत येतो. ऊन लख्ख असूनही आम्ही नाही म्हणतो ते यामुळे.

म्हणून आमच्याकडे सरासरी वारा आणि झोत यांत 10 नॉटांहून जास्त फरक असेल तर ग्राहकांना घेऊन उडत नाही. विमान याहून जास्त सोसतं, हे खरं. पण तुम्ही सहलीला आलेले असता. रद्द झालेल्या फेरीचे पैसे परत मिळतील किंवा पुढची तारीख मिळेल, जे हवं ते. वैमानिकाला "एक फेरी मारून आणा की" असा आग्रह मात्र धरू नका, वाढदिवस असला तरी.

वजन आम्ही काट्यावरच करतो, बॅग-कॅमेऱ्यासकट. कुणी अवघडून पाच किलो कमी सांगतं, म्हणून काटा आणला. आकडा फक्त वैमानिक पाहतो.

मार्च ते जूनमध्ये शक्यतो सकाळी सात-आठची वेळ मागा. वर असताना भोंग्यासारखा पीं आवाज आला तर घाबरू नका: पंखाच्या कडेवरची ती स्टॉलची सूचना, प्रत्यक्ष स्टॉलच्या पाच-दहा नॉट आधी वाजते. धक्क्यांच्या हवेत क्षणभर वाजून थांबतेही. त्या वेळी वैमानिकाशी बोलू नका, नाक खाली गेलं तर ते त्याने मुद्दाम केलेलं असतं.