भोवळ, पित्ताच्या गांधी आणि मुलाची नाडी

स्वातंत्र्यदिनाच्या झेंडावंदनाला रांगेतलं एखादं पोर पांढरंफटक पडून कोसळतं, हे शाळांना नवीन नाही. सकाळी काही न खाता आलेलं असतं, वर अर्धा तास उन्हात उभं. कुणी तोंडावर पाणी मारतं, कुणी हुंगवायला कांदा शोधतं आणि तोवर पोर डोळे उघडून बघायला लागलेलं असतं. मोठं होईपर्यंत साधारण 15 टक्के मुलांना एकदा तरी अशी भोवळ येते. काही मुलींना ती वेणी घालून घेताना येते, आणि वैद्यकाच्या पुस्तकांत तिची वेगळी नोंदसुद्धा आहे. यातल्या बहुतेक भोवळींचा अ‍ॅलर्जीशी काडीचाही संबंध नसतो. तरी चांगला बालरोगतज्ज्ञ अशा मुलाच्या आईला दोन प्रश्न हमखास विचारतो: याला कशाची अ‍ॅलर्जी आहे का, आणि सध्या कुठलं औषध चालू आहे?

आधी साधी भोवळ कशी येते ते बघू. आपण उभे राहिलो की रक्त पायांकडे उतरतं. शरीर लगेच रक्तवाहिन्या आवळून आणि हृदयाचे ठोके वाढवून ते वर ढकलतं. पण भीती, वेदना, ऊन, सुई किंवा रक्ताचं दर्शन यांमुळे काही मुलांत ही यंत्रणा अचानक उलटी फिरते. वाहिन्या सैल पडतात, व्हेगस चेता हृदयाला मंद करते, मेंदूचा रक्तपुरवठा काही सेकंद कमी पडतो आणि शुद्ध हरपते. ब्रिटिश हृदयवैद्य टॉमस लुईस यांनी 1932 मध्ये याचं वर्णन करताना एक मार्मिक गोष्ट नोंदवली होती. अ‍ॅट्रोपिन टोचून नाडी वाढवली तरी रक्तदाब वर येत नाही. म्हणजे मुख्य गुन्हेगार मंद हृदय नसून सैल पडलेल्या वाहिन्या आहेत.

तीव्र अ‍ॅलर्जीतही वाहिन्या सैल पडतात, फक्त तिथे चेतासंस्थेचा हुकूम नसतो. त्वचा, आतडी, श्वासमार्ग आणि रक्तवाहिन्यांच्या आसपास रोगप्रतिकार यंत्रणेतल्या मास्ट पेशी दबा धरून असतात. शेंगदाणा, दूध, मधमाशीचं विष, एखादं प्रतिजैविक असं काही ‘शत्रू’ म्हणून ओळखलं गेलं की त्या हिस्टामिन आणि इतर रसायनं एकदम सोडतात. वाहिन्या रुंदावतात, शिवाय गळू लागतात. दहा मिनिटांत रक्तातला सुमारे 35 टक्के द्रव वाहिन्यांबाहेर जाऊ शकतो. ही अ‍ॅनाफिलॅक्सिस. शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए यांनी 1902 मध्ये समुद्रफुलाचं विष कुत्र्यांना दुसऱ्यांदा टोचल्यावर ती पाहिली. पहिल्या वेळी सोसलेलं विष दुसऱ्या वेळी अगदी थोड्या मात्रेत जीव घेत होतं. रिशे यांना त्यासाठी 1913 चं नोबेल मिळालं.

दोन्हींत मूल कोसळतं, रक्तदाबही दोन्हींत पडतो, पण उपाय अगदी वेगळे. हा पेच सगळ्यांत ठळक दिसतो तो लसीकरणात. नोव्हेंबर 2018 मध्ये महाराष्ट्रात गोवर-रुबेलाची मोहीम सुरू झाली तेव्हा नऊ महिने ते पंधरा वर्षं वयाच्या मुलांना शाळाशाळांतून लस दिली गेली. रांगेत उभ्या असलेल्या किशोरवयीन मुलामुलींना सुई बघून भोवळ येणं अशा वेळी अपेक्षितच असतं, आणि एकाला आली की शेजारच्यालाही येते. परिचारिका तेव्हा काय बघते? भीतीच्या भोवळीत मूल फिकट, घामेजलेलं, गार असतं. नाडी मंद असते. सगळं सुईच्या आधी किंवा लगेच नंतर घडतं आणि आडवं केलं की मिनिटभरात रंग परततो. अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये बहुधा काही मिनिटं जातात, अंगावर पित्ताच्या गांधी उठतात, ओठ-डोळे सुजतात, आवाज घोगरा होतो, खोकला किंवा घरघर लागते, उलटी होते. नाडी सहसा धावत असते. मुलांत तर रक्तदाबापेक्षा श्वासच आधी अडतो. मात्र 10 ते 20 टक्के वेळा त्वचेवर काहीच दिसत नाही, त्यामुळे ‘गांधी नाहीत म्हणजे अ‍ॅलर्जी नाही’ हा निष्कर्ष घाईचा ठरतो.

अ‍ॅनाफिलॅक्सिसचं औषध एकच: अ‍ॅड्रिनलिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत, मुलाच्या वजनाच्या दर किलोला 0.01 मिलिग्रॅम. अ‍ॅलर्जीची गोळी गांधी आणि खाज शमवते, रक्तदाब उचलत नाही. आपल्याकडे अजूनही आधी गोळी, मग स्टिरॉइड आणि शेवटी अ‍ॅड्रिनलिन असा उलटा क्रम दिसतो. हे फार महागात पडतं.

कोसळलेल्या मुलाला बगलेत हात घालून उभं करण्याची आपली सवयही वाईट. साध्या भोवळीत त्याने फार तर दुसऱ्यांदा भोवळ येईल. अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये वाहिन्यांत पुरेसं रक्तच उरलेलं नसतं, आणि उभं करताच हृदय रिकामं पडतं. ब्रिटनमधले रिचर्ड पम्फ्री यांनी 2003 मध्ये अशा मृत्यूंचा अभ्यास मांडला, त्यात काही जण उठवून बसवल्या-उभं केल्याबरोबर काही क्षणांत दगावले होते. म्हणून मूल आडवंच ठेवायचं, पाय उंच. उलटी होत असेल तर कुशीवर. धाप लागली असेल तरच बसतं करायचं.

एक प्रकार हमखास चकवतो. मुलगा रोज पोळी खातो, काही होत नाही. रोज धावतो, तेव्हाही काही नाही. पण पोळी खाऊन तासाभरात मैदानावर उतरला की अंग खाजतं, गांधी उठतात आणि तो कोसळतो. काहींच्या शरीराला गव्हातल्या ओमेगा-5 ग्लायडिन या प्रथिनाची अ‍ॅलर्जी असते आणि ती व्यायामाची जोड मिळाल्यावरच उफाळते. क्रीडाशिक्षक याला ऊन लागलं म्हणतात, आणि त्यांचा दोष नाही. त्या दिवशी काय खाल्लं हे कुणी विचारलेलंच नसतं.

उभं राहिल्यावर नाडी फार वाढून गरगरण्याचा जो विकार किशोरवयात दिसतो, त्याचा संबंध मास्ट पेशींशी जोडण्याची सध्या मोठी लाट आहे. दमा, इसब, सर्दी असलेल्या मुलांत भोवळ अधिक दिसते असंही मांडलं जातं. मला यात सावध राहावंसं वाटतं. अ‍ॅलर्जीची मुलं डॉक्टरांकडे जास्त जातात, त्यांची झोप मोडलेली असते, सुस्ती आणणारी औषधं चालू असतात. दोन गोष्टी एकाच मुलात आढळल्या म्हणून एकीने दुसरी घडवली असं होत नाही.

औषधांचा धागा मात्र पक्का आहे. टर्फेनाडिन आणि अ‍ॅस्टेमिझोल ही झोप न आणणारी अ‍ॅलर्जीची औषधं एके काळी फार लोकप्रिय होती. केटोकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध किंवा एरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक यांच्यासोबत घेतली की ती रक्तात साठत, हृदयाच्या पेशींतली पोटॅशियमची वाट अडवत आणि ठोक्यांची लय घातकपणे बिघडवत. रुग्ण भोवळ येऊन पडे, काही वेळा कायमचा. अमेरिकेतून ती 1990 च्या दशकाच्या अखेरीस गेली, भारतात 2003 मध्ये बंदी आली. आज सर्रास मिळणारं फेक्सोफेनाडिन हे त्याच टर्फेनाडिनचं शरीरात तयार होणारं निरुपद्रवी रूप आहे. पण खाजेसाठी मुलांना दिलं जाणारं हायड्रॉक्सिझिन अजून वापरात आहे, आणि तेही ही लय बिघडवू शकतं. युरोपच्या औषध नियामकांनी 2015 मध्ये 40 किलोपर्यंतच्या मुलांसाठी दिवसाला किलोमागे 2 मिलिग्रॅमची मर्यादा घातली.

बहुतेक मुलांना त्याने काही होत नाही. धोका आहे तो ज्यांना जन्मतःच लांब क्यूटी हा दोष आहे, म्हणजे दर ठोक्यानंतर ज्यांच्या हृदयाला विजेच्या दृष्टीने पूर्ववत व्हायला जास्त वेळ लागतो, त्यांना. अशा मुलाला पोहताना, धावताना किंवा गजराच्या आवाजाने दचकून भोवळ आलेली असते, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलेलं असतं. तेव्हा खाजेचं औषध सुरू करण्याआधी साधा ईसीजी काढून घ्यावा. पाच मिनिटांचं काम आहे आणि बहुतेक ग्रामीण रुग्णालयांतही होतं.