अंगठ्याने उघडणारी बंदूक नेमकी कोणाला थांबवते?

अमेरिकेत २०२० पासून १ ते १९ वयाच्या मुलांच्या मृत्यूचं पहिल्या नंबरचं कारण बंदूक आहे, रोड ॲक्सिडेंट त्याच्या खाली गेले. हे मी जेव्हा जेव्हा वाचते तेव्हा पोटात गोळा येतो, आणि म्हणूनच कोणी म्हणालं की फोन उघडतो तसं फक्त मालकाच्या बोटाने चालणारं पिस्तूल बनवा ना, तर ते लगेच पटतं. मग तीस वर्षं हा विषय चर्चेत असून तसं पिस्तूल अजून घरोघरी का नाही?

आधी ते चालतं कसं ते बघू. आपल्या बोटावर बारीक उंचवटे असतात आणि त्यांच्यामधे खाचा. सेन्सरमधे एकदम छोट्या छोट्या कपॅसिटरची, म्हणजे विजेचा भार साठवणाऱ्या भागांची, जाळी असते, उंचवटा जिथे टेकतो तिथे एक रीडिंग येतं आणि खाचेखाली थोडी हवा राहते म्हणून तिथे वेगळं येतं, त्यातून बोटाचा नकाशा बनतो. हा नकाशा आधी सेव्ह केलेल्या नकाशाशी किती जुळतो त्याचा एक स्कोअर निघतो आणि स्कोअर ठरलेल्या रेषेच्या वर गेला की लॉक उघडतं. म्हणजे मशीन 'हा तोच माणूस' असं कधीच शंभर टक्के सांगत नाही, ते फक्त अंदाज सांगतं.

सगळी गंमत त्या रेषेत आहे. रेषा वर नेली तर परका माणूस आत शिरत नाही पण खऱ्या मालकालाही मधूनमधून नकार मिळतो, खाली आणली तर मालक खूश पण परक्यालाही कधीतरी होकार मिळतो. दोन्ही चुका एकाच वेळी शून्य करता येत नाहीत. आपल्याकडे रेशन दुकानात ई-पॉस मशीनवर म्हाताऱ्या माणसांचा किंवा शेतात राबणाऱ्या बाईचा अंगठा लागत नाही, कारण उंचवटेच झिजलेले असतात, तो हाच प्रकार आहे. बंदुकीच्या बाबतीत घाम, पाणी, चिखल, रक्त, हातमोजे हे सगळं त्यात येतं, आणि जो माणूस रात्री दोन वाजता चोर शिरेल या भीतीने बंदूक घेतो त्याला तो एक नकारसुद्धा नको असतो. त्याची ही भीती उगाच नाही, ती समजून घेतली पाहिजे असं मला वाटतं. खरं तर सुरुवातीचा बराचसा अभ्यास पोलिसांसाठीच झाला, कारण झटापटीत पोलिसाचीच बंदूक हिसकावून त्याच्यावर चालवली जायची. सँडिया नॅशनल लॅबोरेटरीज या अमेरिकी सरकारी प्रयोगशाळेने १९९६ मधे त्यावर मोठा रिपोर्ट काढला आणि पोलिसांच्या सगळ्या अपेक्षा पूर्ण करणारं तंत्रज्ञान तेव्हा तरी हाती नाही असंच त्यातून निघालं.

आता कोलोरॅडोची बायोफायर कंपनी बघा. काई क्लोफर हा मुलगा शाळेत असताना २०१२ मधे त्याच्या राज्यात ऑरोराच्या थिएटरमधे गोळीबार झाला, तेव्हापासून तो याच्या मागे लागला आणि २०२३ मधे त्याने १,४९९ डॉलरचं पिस्तूल जाहीर केलं. त्यात बोटाचा सेन्सर आहे आणि चेहरा ओळखणारा कॅमेरापण आहे, दोन्हीपैकी एक जुळलं तरी चालतं. हे डोकं लावून केलंय, कारण मालकाला नकार मिळायचा तर आता दोन्ही सेन्सर एकदम चुकायला हवेत. पण त्याची किंमतही आहे, परक्याला चुकून होकार मिळायला आता एकाऐवजी दोन वाटा झाल्या, म्हणून दोन्ही सेन्सर मुळातच खूप कडक ठेवावे लागतात. शिवाय गोळी इलेक्ट्रॉनिक्सच्या मार्फत सुटते म्हणजे बॅटरी चार्ज ठेवणं आलंच.

याच्या आधी आर्माटिक्स नावाच्या जर्मन कंपनीचं पिस्तूल आलं होतं, त्यात बोट नव्हतं, मनगटावर रेडिओ सिग्नल देणारं घड्याळ घालायचं आणि ते जवळ असेल तरच पिस्तूल चालायचं. २०१७ मधे एका हॅकरने साधारण १५ डॉलरची लोहचुंबकं बाजूला धरून आतला अडथळा सरकवला आणि घड्याळाशिवाय गोळी झाडून दाखवली. सगळं लक्ष सिग्नलवर आणि आतला छोटासा धातूचा तुकडा तसाच राहिला.

पण त्या पिस्तुलाला खरं मारलं ते राजकारणाने. न्यू जर्सीने २००२ मधे कायदा केला की देशात कुठेही असं पिस्तूल विकायला आलं की काही वर्षांनी राज्यात फक्त तशीच पिस्तुलं विकायची. हेतू चांगला, परिणाम उलटा. बंदूकवाल्यांना वाटलं की एक जरी पिस्तूल विकलं गेलं तर आपल्या सगळ्या बंदुकांवर गदा येणार, आणि २०१४ मधे मेरीलँडच्या एका दुकानदाराने ते विकायचं ठरवल्यावर त्याला जिवे मारायच्या धमक्या आल्या, त्याने माघार घेतली. शेवटी २०१९ मधे न्यू जर्सीने ती सक्ती काढली.

मला जास्त काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. ऑक्टोबर २०२३ मधे अमेरिकेत फोर्ट्रेस कंपनीच्या बंदूक ठेवायच्या सुमारे ६१ हजार फिंगरप्रिंट तिजोऱ्या परत मागवल्या गेल्या. बोट नीट रजिस्टर झालं नसेल तर त्या कोणाच्याही बोटाने उघडायच्या, आणि मालकाला मात्र वाटायचं की आपलं लॉक छान चालतंय, कारण त्याने बोट लावलं की उघडत होतंच ना! अशा तिजोरीतून मिळालेल्या बंदुकीने १२ वर्षांचा एक मुलगा गेला असं सरकारी नोटिशीत आहे. म्हणून ज्यांच्या घरी अशी तिजोरी आहे त्यांनी स्वतःचं बोट लावून टेस्ट करू नका, रजिस्टर न केलेलं बोट लावून बघा.

आणि आता ते आकडे जे या वादात मागे पडतात. २०२२ मधे अमेरिकेत बंदुकीने ४८ हजारांहून जास्त लोक गेले, त्यातल्या २७ हजारांवर आत्महत्या होत्या. त्यातल्या ज्या मोठ्या माणसांची बंदूक स्वतःचीच होती त्यांचं बोट तर मशीन ओळखतंच, त्यांना ती उघडूनच देणार. तिथे कामाला येतं ते अंतर आणि वेळ. इस्रायली सैन्याने २००६ मधे सैनिकांना वीकेंडला रायफल घरी न्यायला बंदी केली आणि आत्महत्या जवळपास ४० टक्क्यांनी कमी झाल्या. तो क्षण टळला की बहुतेक माणसं वाचतात, हे आपल्या सगळ्यांना माहीत असायला हवं. कोणी घरात खचलेलं असेल तर बंदूक तेवढ्या काळापुरती घराबाहेर ठेवावी, काही राज्यांत दुकानं आणि पोलीस ती ठेवून घेतात.

मुलांसाठी मात्र लॉक खरंच काम करतं, आणि ते स्मार्ट असायलाच हवं असं नाही. २००५ च्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की बंदूक कुलपात, रिकामी, गोळ्या वेगळ्या आणि त्याही कुलपात, यातली प्रत्येक गोष्ट मुलांचा धोका कमी होण्याशी जोडलेली आहे. २०१९ च्या एका गणितानुसार आज कुलूप न लावणाऱ्यांपैकी काही लोकांनी जरी लावलं तरी मुलांच्या आत्महत्या आणि चुकून गोळी लागून होणारे मृत्यू ६ ते ३२ टक्के टळू शकतात, किती लोक ऐकतात त्यावर आकडा ठरतो. अमेरिकेत लोकांकडे ३९ कोटींच्या वर बंदुका आधीच आहेत, नवीन कितीही हुशार निघाली तरी या जुन्या कपाटात राहणारच.

न्यू जर्सीत किंवा टेक्सासमधे राहणाऱ्या आपल्या मराठी आईबाबांना म्हणून एक सांगते. मुलगी मैत्रिणीकडे खेळायला जाताना आपण नट ॲलर्जी सांगतो, घरात कुत्रा आहे का विचारतो, तसंच 'घरात बंदूक आहे का, असेल तर लॉक करून ठेवता ना?' हेही मेसेजमधे विचारा. तिथले मुलांचे डॉक्टरही हेच विचारायला सांगतात. अवघडल्यासारखं वाटेल, विचारा तरी. आणि उत्तर गोलमोल आलं तर वाद घालू नका, त्या मैत्रिणीलाच आपल्या घरी बोलवा.