लाक्षणिक भाषा (पुणेरी बोलण्यातला वापर)

शब्दाचा डिक्शनरीतला सरळ अर्थ बाजूला ठेवून त्याच्याशी कुठल्यातरी नात्यानं जोडलेला दुसरा अर्थ सांगायचा, याला लाक्षणिक भाषा म्हणतात. उपमा, रूपक, वाक्प्रचार, टोमणा, सूचक बोलणं हे सगळं ढोबळमानानं यातच येतं. शाळेत अलंकार म्हणून 'मुखकमल' वगैरे पाठ करायला लावतात, त्यामुळे बऱ्याच जणांना वाटतं की हे कवी लोकांचं काम, आपला काय संबंध. पण तोच माणूस शाळेच्या गेटबाहेर येऊन ओरडतो, "ए रिक्षा, कोथरूड येणार का?"

आता रिक्षा काही उत्तर देत नाही, उत्तर (बहुतेक वेळा नकार) देतो तो ड्रायव्हर. संस्कृत काव्यशास्त्रात याला लक्षणा म्हणतात आणि मम्मटानं अकराव्या शतकात 'काव्यप्रकाशा'त तिच्या तीन अटी सांगितल्यात: सरळ अर्थ अडला पाहिजे, नव्या अर्थाचा जुन्याशी काहीतरी संबंध पाहिजे आणि त्यामागे एकतर रूढी पाहिजे नाहीतर काही हेतू. रिक्षाचं उदाहरण या तिन्हीत फिट बसतं. जुन्या ग्रंथांत याच जातीचं उदाहरण 'भाले आत येतायत' असं आहे, म्हणजे भालेवाले. मराठी व्याकरणाच्या पुस्तकांत मात्र पिढ्यान्‌पिढ्या एकच वाक्य चालत आलंय, 'पानिपतावर सव्वा लाख बांगडी फुटली'. बांगड्या फुटल्या त्या घरोघरी, पानिपतावर नाही, आणि मोजायच्या होत्या त्या विधवा झालेल्या बायका. आकडा सोडा, पण 'सव्वा लाख माणसं मेली' यापेक्षा हे वाक्य जास्त लागतं हे खरं.

पानिपतचा विषय निघालाच आहे तर ते पत्र सांगायलाच हवं. लढाई झाली 14 जानेवारी 1761 ला. नानासाहेब पेशवे उत्तरेकडे निघाले होते आणि वाटेत भेलशाच्या (आताच्या विदिशाच्या) आसपास त्यांच्या हाती एक सावकारी पत्र पडलं असं सांगतात, मजकूर साधारण असा की दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा गेल्या आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. वाटेत कुणी वाचलं असतं तर एखाद्या व्यापाऱ्याचं दिवाळं निघालं इतकंच कळलं असतं. ज्याला कळायचं त्याला कळलं की मोती म्हणजे नानासाहेबांचा मुलगा विश्वासराव आणि चुलतभाऊ सदाशिवरावभाऊ, मोहरा म्हणजे मोठे सरदार आणि खुर्दा म्हणजे साधे शिपाई. इथे ज्यांच्याबद्दल बोलायचंय त्यांचं नावच गिळून टाकलंय, फक्त ज्याच्याशी तुलना तेवढंच उरलंय. माझ्या मते मराठीतलं सगळ्यात ताकदीचं रूपक हेच, आणि ते कुठल्या कवीनं लिहिलेलं नाही. (खुर्दा म्हणजे मोड, सुट्टे पैसे. शिपायांची किंमत तेव्हाही तीच.) नानासाहेब त्याच वर्षी जूनमध्ये पर्वतीवर वारले. 'पानिपत होणे' आणि 'विश्वास पानिपतावर गेला' हे मात्र अजून बोलण्यात आहेत आणि दुसऱ्यात तर श्लेष पण आहे.

पुण्यात घडलेला सगळ्यात प्रसिद्ध वाक्प्रचार 'ध चा मा करणे'. 30 ऑगस्ट 1773 ला शनिवारवाड्यात गारद्यांनी (भाडोत्री शिपायांनी) नारायणराव पेशव्यांचा खून केला. आख्यायिका अशी की काका रघुनाथरावांचा हुकूम होता 'धरावे', त्यांच्या बायकोनं, आनंदीबाईंनी, एक अक्षर बदलून 'मारावे' केलं. तो कागद खरंच तसा होता का यावर वाद घालणारे घालतात, पण वाक्प्रचाराला त्यानं काही फरक पडत नाही, आज सोसायटीच्या मीटिंगचे मिनिट्स कुणी फिरवले तरी लोक हेच म्हणतात. त्याच प्रसंगाचं 'काका, मला वाचवा' हे वाक्य काका-पुतण्यांच्या राजकारणामुळे तर महाराष्ट्रात कधी जुनं होणारच नाही असं दिसतंय.

गावाच्या नावानं दुसरंच काही सांगणं हा लक्षणेचाच प्रकार. मंडईत कट्ट्यावर बसून राजकारण झोडणाऱ्या जमावाला पुण्यात 'मंडई विद्यापीठ' म्हणतात. 'येरवडा' तर दुहेरी आहे, कारण तिथे जेल पण आहे आणि मनोरुग्णालय पण. आजोबा येरवड्याला होते असं स्वातंत्र्यसैनिकाच्या घरात सांगितलं की मान ताठ होते (पुणे करार 24 सप्टेंबर 1932 ला झाला तो येरवडा जेलमध्येच), आणि 'ह्याला येरवड्याला पाठवा' म्हटलं की अर्थ एकदम दुसरा. हे दुसरं आता खटकतं आणि खटकायलाच हवं.

सरळ अर्थ आणि लक्षणा यांच्यानंतरची तिसरी गोष्ट व्यंजना, म्हणजे सरळ न सांगता सुचवणं. पुण्याची खरी स्पेशालिटी ही. रात्री पाहुणे गप्पा मारत बसलेत, काका घड्याळाकडे बघत विचारतात, "तुमच्याकडे जायला शेवटची बस कितीला असते हो?" लक्षणेत सरळ अर्थ अडतो, इथे तो अजिबात अडत नाही, प्रश्न खरोखरच बसचाच आहे. म्हणून व्यंजनेत बोलणारा कायम सेफ असतो, उद्या पाहुण्याला राग आला तर "मी आपलं बसचं विचारलं" म्हणायची सोय. 'सूर्य मावळला' हे एकच वाक्य गुराख्याला, चोराला, वाट बघणाऱ्या बाईला वेगवेगळं ऐकू येतं, हे जुन्या शास्त्रकारांचं आवडतं उदाहरण, आणि यातली अडचण पण तीच आहे, ऐकणाऱ्याला संदर्भ माहीत नसेल तर काहीच पोचत नाही. नवीन आलेला पाहुणा बसची वेळ सांगतो आणि परत टेकून बसतो.

घासून घासून रूपकं मरतात. 'वाट लागली', 'डोकं खाल्लं' म्हणताना कुणाच्या डोळ्यासमोर काहीच येत नाही. त्यांच्या जागी 'मी हँग झालोय', 'त्याला रेंज नाहीये' असली नवी येतात आणि तीही मरतील. दाते आणि कर्वे यांनी पुण्यात बसून 1940 च्या दशकात दोन खंडांचा 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश' काढला, तो चाळला की शेती, घोडा, चूल, पंचांग यांच्यावरून आलेली किती बोलणी आपण आता वापरतच नाही ते दिसतं.

उपरोध हा प्रकार लिहिण्यात सगळ्यात जास्त मार खातो. "वा, काय वेळेवर आलात" हे तोंडी ऐकलं की सुरावरून कळतं, व्हॉट्सॲपवर मात्र समोरचा "थँक्यू" पाठवतो, म्हणून लोक पुढे उलटी स्मायली टाकायला लागलेत.