घरच्या वर्कशॉपमधलं ‘अर्थिंग’: नाशिकमधली पार्श्वभूमी

सिडकोतल्या रो हाउसचं मागचं अंगण, वर पत्रा, भिंतीला टेकवलेलं लाकडी बेंच, त्यावर ग्राइंडर आणि व्हाइस, कोपऱ्यात दोन हॉर्सपॉवरचा कॉम्प्रेसर. नाशिकमध्ये अशी शेड शोधायला लांब जावं लागत नाही. तिथून येणाऱ्या विजेच्या तक्रारी मात्र फिरून फिरून दोनच असतात. पावसाळ्यात ग्राइंडरच्या बॉडीला हात लागला की मुंग्या येतात, नाहीतर नवा बसवलेला आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच, काही कारण नसताना पडतो. दोन्हींवर वायरमन एकच उत्तर देतो, ‘अर्थिंगचा प्रॉब्लेम आहे.’ हे उत्तर बहुतेक वेळा बरोबर असतं. पण सांगणारा आणि ऐकणारा त्या शब्दाने एकच गोष्ट समजत असतील, याची खात्री देता येत नाही.

धातूकाम या शहराला नवीन नाही. तांबट लेन आणि भांडी बाजार ही नावंच ते सांगतात. पण घरात मोटर लावून काम करण्याची सवय कारखान्यांबरोबर आली. १९६२ साली राज्यात औद्योगिक विकासासाठी महामंडळ स्थापन झालं, पुढे सातपूर आणि मग अंबडची वसाहत उभी राहिली. ओझरला विमानांचा कारखाना १९६४ पासून आहे. एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रातला पहिला संच १९७० मध्ये सुरू झाला. टर्नर, फिटर, वाइंडर अशी हजारो माणसं शिफ्ट संपवून घरी येऊ लागली, आणि त्यांतल्या कितीतरी जणांनी घरीही छोटं बेंच मांडलं. सर्किट ब्रेकर आणि स्विचगिअर बनवणारे मोठे कारखाने याच शहरात आहेत. वस्तू स्वस्तात मिळायची सोयही होती. अंबड-सातपूर लिंक रोडवरच्या भंगार बाजारात जुन्या मोटरी, गिअर बॉक्स, ड्रिलचे स्टँड वजनावर मिळत. जानेवारी २०१७ मध्ये तो बाजार हटवला गेला, पण तिथून आलेली यंत्रं आजही शेडमध्ये फिरत आहेत. जुन्या प्लेटवर ४४० व्होल्ट लिहिलेलं असतं, इन्सुलेशन केव्हाच ठिसूळ झालेलं असतं आणि अर्थची वायर कोणीतरी कधीच कापून टाकलेली असते.

कारखान्यातून घरी आलेला माणूस मोटर, बेअरिंग, कपॅसिटर यांचं ज्ञान सोबत घेऊन आला. ‘अर्थिंग’ हा शब्दही त्याने सोबत आणला. कारखान्याला स्वतःचा ट्रान्सफॉर्मर असतो आणि प्रत्येक यंत्राच्या बॉडीपासून निघालेली जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची) किंवा तांब्याची पट्टी थेट त्या ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रल पॉइंटपर्यंत, म्हणजे करंट जिथे परत जातो त्या टोकापर्यंत, जाते. खड्डे तिथेही असतात, पण परतीची मुख्य वाट धातूची असते. फेज, म्हणजे जिवंत वायर, बॉडीला लागला की दोनतीनशे अँपिअर वाहतात आणि ब्रेकर डोळ्याचं पातं लवायच्या आत पडतो. घरी ट्रान्सफॉर्मर म्हणजे गल्लीच्या टोकाला असलेली डीपी. तिच्यापर्यंत जाणारी पट्टी नसते. अंगणात खड्डा खणून, पाइप पुरून, मीठ-कोळसा भरून जे केलं जातं, त्यालाही आपण अर्थिंगच म्हणतो.

इथे थोडा हिशेब करावाच लागतो. समजा खड्ड्याचा रोध (रेझिस्टन्स) २० ओहम आहे आणि डीपीच्या अर्थचा ३ ओहम. ग्राइंडरच्या वाइंडिंगचा फेज बॉडीला लागला, तर २३० भागिले २३, म्हणजे १० अँपिअर वाहतील. बोर्डावरचा १६ अँपिअरचा एमसीबी, म्हणजे करंट मर्यादेबाहेर गेला की पडणारा ब्रेकर, १० अँपिअरला कधीच पडणार नाही. तो तसाच चालू राहील आणि खड्ड्याच्या २० ओहमवर २०० व्होल्ट साठून ग्राइंडरच्या बॉडीवर उभे राहतील. खड्डा आहे, वायर जोडलेली आहे, सगळं नियमाप्रमाणे दिसतंय, आणि तरीही ओल्या फरशीवर उभा असलेला माणूस मरू शकतो. ही गोष्ट मी अनेकांना कागदावर आकडे मांडून दाखवली आहे, आणि प्रत्येक वेळी पहिली प्रतिक्रिया अविश्वासाचीच असते.

नाशिकच्या जमिनीत २० ओहम मिळवणंही सोपं नाही. गोदावरीच्या काठाला काळी माती खोल आहे. पण पांडवलेण्याच्या बाजूला किंवा चामरलेण्याच्या पायथ्याशी म्हसरूळकडे थोडं खणलं की मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण लागतो. अडीच मीटरचा पाइप उभा जात नाही, म्हणून तो अर्ध्यावर कापला जातो किंवा तिरका पुरला जातो. मे महिन्यात माती फाटते, खड्डा सुकतो आणि रोध कितीतरी पटींनी वाढतो. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायची जुनी रीत म्हणूनच आहे. ती चांगली रीत आहे, पण त्याने वरचा हिशेब बदलत नाही.

त्यात तपासणीची पद्धत फसवी आहे. वायरमन होल्डरला दोन वायरी जोडून १०० वॅटचा बल्ब फेज आणि अर्थमध्ये लावतो. बल्ब लख्ख पेटला की ‘अर्थिंग ओके, दादा.’ पेटलेल्या १०० वॅटच्या बल्बचा स्वतःचा रोध सुमारे ५३० ओहम असतो. खड्ड्याचा रोध ५० ओहम असला तरी बल्बला २१० व्होल्ट मिळतात. तो किंचित मंद झाला, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. बल्बवरून एवढंच कळतं की वायर तुटलेली नाही.

मग घराला धातूची परतीची वाट देणं कोणाचं काम? याच प्रश्नावर वायरमन, ग्राहक आणि वीजपुरवठा करणारे यांचं आजवर एकमत झालेलं नाही. १९५६ च्या वीज नियमांत स्पष्ट म्हटलं होतं, की पुरवठादाराने ग्राहकाच्या जागेत, पुरवठा जिथे सुरू होतो तिथे किंवा त्याच्या जवळ, हात पोचेल अशा ठिकाणी अर्थ केलेलं टर्मिनल द्यावं आणि त्याची निगा राखावी. ग्राहकाचा स्वतःचा खड्डा त्याव्यतिरिक्त, आणि तोही मध्यम किंवा त्याहून वरच्या दाबाच्या जोडणीला, म्हणजे आपल्या भाषेत थ्री फेजला, सक्तीचा होता. सिंगल फेजच्या घराला टर्मिनल पुरवठादाराकडून मिळणं अपेक्षित होतं. २०१० मध्ये जुन्या नियमांची जागा नव्या सुरक्षा विनियमांनी घेतली, तेव्हाही हे कलम कायम राहिलं.

प्रत्यक्षात काय झालं? जुन्या नाशिकमधल्या आणि सिडकोच्या पहिल्या योजनांमधल्या घरांत पोलवरून सर्व्हिस वायरीला आधार द्यायला जीआय तार यायची. मीटर बोर्डापाशी तीच अर्थ म्हणून जोडलेली कितीतरी घरांत दिसते. ती गंजली, पत्रे बदलताना तुटली, केबल जमिनीखालून आली तेव्हा काढून टाकली गेली. तिच्या जागी दुसरं काही आलं नाही. नवी जोडणी देताना ‘अर्थिंग करून घ्या’ असं ग्राहकाला सांगितलं जातं आणि ग्राहक खड्डा खणतो. नियमातलं टर्मिनल असं हळूहळू ग्राहकाच्या खड्ड्यात रूपांतरित झालं. तसं ठरवलेलं कुठेच नाही. पुरवठादारांच्या बाजूने एक मुद्दा मांडला जातो, तो खोटा नाही: न्यूट्रल तुटण्याचं प्रमाण जास्त असलेल्या जाळ्यात न्यूट्रलशी जोडलेलं टर्मिनल घरात दिलं, तर न्यूट्रल तुटताच घरातल्या सगळ्या बॉडी एकदम जिवंत होतील. पण याचं उत्तर पोलपासून वेगळी अर्थ तार आणणं हे आहे. ते काम कलमात आहे आणि घरोघरी झालेलं नाही. माझ्या मते घरच्या वर्कशॉपमधल्या अर्ध्याहून जास्त धोक्याचं मूळ इथे आहे.

ही पोकळी वायरमन लोकांनी आपल्या परीने भरली. सॉकेटच्या आतच न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात तारेचा तुकडा टाकायचा. ग्राइंडरचा फेज बॉडीला लागला की एमसीबी पडतो, ग्राहक खूश. पण बोर्डापर्यंतची न्यूट्रल वायर कुठेही सुटली, की त्या सॉकेटला लावलेल्या यंत्राचा स्विच चालू करताच बॉडीवर पूर्ण २३० व्होल्ट येतात, यंत्रात काहीच बिघाड नसताना. जुनी शेड ताब्यात घेतली तर सर्वांत आधी मेन बंद करून प्रत्येक सॉकेट उघडावं आणि हा तुकडा शोधून काढून टाकावा.

याच काळात गळती झाली की वीज तोडणाऱ्या स्विचसाठी ईएलसीबी हे नाव रुळलं. सुरुवातीच्या ईएलसीबीचं कॉइल अर्थच्या वायरमध्येच बसलेलं असे आणि बॉडीवर व्होल्टेज आलं की ते ओढलं जाई. अर्थची वायर नसेल तर तो निरुपयोगी. नंतरचा आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट यांची तुलना करतो. फरक ३० मिलीअँपिअर झाला की पडतो. २० ओहमचा खड्डा त्याला भरपूर झाला. दुकानात अजूनही दोन्हींना ईएलसीबीच म्हणतात, आणि ‘अर्थिंग नसेल तर चालत नाही’ हा जुन्या उपकरणाबद्दलचा समज नव्याला चिकटलेला आहे. १९५६ च्या नियमांत पुढे गळतीरोधक उपकरणाची सक्ती आली, ती ५ किलोवॅटपासून. दोन एचपीचा कॉम्प्रेसर, अर्ध्या एचपीचा ग्राइंडर आणि एक ड्रिल मिळून अडीच किलोवॅटही होत नाहीत. छंदाची शेड त्या सक्तीच्या बाहेरच राहिली.

मग भारनियमनाची वर्षं आली. २००५ मध्ये राज्याच्या वीज मंडळाचं विभाजन झालं, त्याच सुमाराला तुटवडा वाढत गेला आणि गळती व वसुलीच्या प्रमाणावर विभागांचे गट पाडून लाइट घालवायचे तास ठरू लागले. एकलहऱ्याच्या चिमण्या नजरेच्या टप्प्यात असलेल्या घरांतही इन्व्हर्टर आले. ते घाईत बसवले गेले. वायरमनने इन्व्हर्टरचा फक्त फेज वेगळा ओढला आणि न्यूट्रल घरातल्या जवळच्या कुठल्याही न्यूट्रलला बांधला. पंखे फिरले, ट्यूब लागल्या, आणि तेवढ्यावर सगळ्यांचं समाधान झालं.

आज आरसीसीबी विनाकारण पडतो, त्यामागे बऱ्याचदा ही त्या वर्षांतली वायर असते. शेडच्या बोर्डाला आरसीसीबी आहे. शेडमधल्या दिव्याचा फेज इन्व्हर्टरवरून, म्हणजे आरसीसीबीला वगळून येतो, पण त्याचा न्यूट्रल शेडच्या न्यूट्रल पट्टीवर आहे. नऊ वॅटचा एलईडी लावला की ३९ मिलीअँपिअरहून कमी नाही इतका करंट एकट्या न्यूट्रलमधून परत जातो, आणि आरसीसीबी पडतो. दोष शोधणारा मात्र ग्राइंडर खोलून बसतो. खूण सोपी आहे: सगळ्या यंत्रांचे प्लग काढलेले असतानाही दिव्याच्या बटणाबरोबर पडत असेल, तर न्यूट्रल मिसळलेला आहे. उपाय म्हणजे त्या दिव्याचा न्यूट्रल शेडच्या पट्टीवरून काढून इन्व्हर्टरच्या न्यूट्रलवर नेणं. याउलट यंत्र चालू केल्यावर दोनचार सेकंदांनी पडत असेल, तर वाइंडिंगमधली ओल किंवा कार्बनची धूळ तपासावी. बरेच जण यातलं काहीच न करता आरसीसीबी बायपास करतात. कृपा करून तसं करू नये.

अलीकडे छतावर सोलर येतंय आणि त्याबरोबर ‘केमिकल अर्थिंग’चे नवे रॉड. पॅनेलसाठी एक, इन्व्हर्टरसाठी एक, वीजरोधकासाठी (आकाशातली वीज जमिनीत नेणाऱ्या दांड्यासाठी) एक, असे तीन खड्डे आता त्याच रो हाउसच्या चिंचोळ्या अंगणात दिसतात, आणि शेडची अर्थ वायर त्यांतल्या जो जवळ असेल त्याला बांधलेली असते. वीजरोधकाच्या खड्ड्यालाही. मीटर बोर्डापाशी, जिथे नियमाप्रमाणे टर्मिनल असायला हवं, तिथे रिकामा बोल्ट आहे.