स्तनाचा क्षयरोग : निदान

मायकोबॅक्टेरियम ट्युबरक्युलोसिस या जंतूचा स्तनाच्या ऊतींमध्ये होणारा दीर्घकालीन संसर्ग म्हणजे स्तनाचा क्षयरोग. फुप्फुसाबाहेरच्या क्षयरोगाचा हा एक विरळ प्रकार आहे. पाश्चात्त्य देशांत स्तनविकारांमधले त्याचे प्रमाण हजारात एकापेक्षाही कमी मानले जाते. भारतासारख्या, क्षयरोगाचा मोठा भार असलेल्या देशांत शस्त्रक्रिया विभागात येणाऱ्या स्तनविकारांपैकी ३ ते ४ टक्क्यांपर्यंत तो आढळल्याच्या नोंदी आहेत. औषधांनी तो पूर्ण बरा होतो. अवघड असते ते त्याला ओळखणे. कधी तो कर्करोगाचे रूप घेऊन येतो, कधी बाळंतिणीच्या साध्या गळवाचे.

लंडनचे शल्यचिकित्सक सर ॲस्टली कूपर यांनी १८२९ मध्ये या आजाराचे पहिले वर्णन केले. गंडमाळेच्या, म्हणजे मानेतल्या क्षयाच्या गाठींच्या, जातीची स्तनातली सूज, असे त्यांनी त्याला म्हटले होते. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू जाहीर केला तो १८८२ साली, म्हणजे त्यानंतर ५३ वर्षांनी. जंतू ठाऊक नसतानाही कूपर यांनी मानेतल्या गाठी आणि स्तनातली सूज यांचा संबंध जोडला होता. म्हणूनच आजही स्तन तपासताना मान आणि काख चाचपून पाहिल्याशिवाय तपासणी पुरी होत नाही.

स्तनाच्या ऊतींत हा जंतू सहसा तग धरत नाही. रक्तावाटे, काखेतल्या लसिका ग्रंथींकडून उलट्या दिशेने, बरगडी किंवा फुप्फुसाच्या आवरणातून थेट पसरून, किंवा क्वचित स्तनाग्राच्या चिरांतून तो आत शिरतो. रुग्ण बहुतेक २० ते ४० वर्षांच्या स्त्रिया असतात. अंगावर पाजण्याच्या काळात स्तनाचा रक्तपुरवठा वाढलेला आणि दुधाच्या नलिका रुंदावलेल्या असतात, त्यामुळे या काळात धोका वाढतो. पुरुषांमध्ये हा आजार फारच क्वचित दिसतो.

कधी शंका घ्यावी

नेहमीची तक्रार एका स्तनातल्या गाठीची असते. ती दुखते किंवा दुखत नाही, तिच्या कडा नीट लागत नाहीत, आणि वरची त्वचा कधी संत्र्याच्या सालीसारखी होते, तर कधी स्तनाग्र आत ओढले जाते. ही सगळी लक्षणे कर्करोगातही दिसतात. काखेत अवधाण आलेले असेल तर कर्करोगाची शंका आणखीच बळावते. क्षयाची म्हणून आपण ओळखतो ती लक्षणे, म्हणजे संध्याकाळचा ताप, वजन घटणे, रात्रीचा घाम आणि खोकला, कित्येक रुग्णांमध्ये नसतातच. छातीचा एक्स-रेही बहुधा स्वच्छ येतो, पण स्वच्छ एक्स-रे पाहून क्षय नाकारता येत नाही.

दुसरे रूप गळवाचे. दूध साकळून गळू झाले असे समजून त्याला चीर देतात, पू काढतात, प्रतिजैविके देतात. काही दिवस बरे वाटते, मग तेथूनच पुन्हा पाणी येऊ लागते आणि जखमेचे तोंड भरून येत नाही. अशी दुसऱ्यांदा उलटलेली किंवा आठवडेच्या आठवडे वाहणारी जखम पाहिली की क्षयाचा विचार त्याच दिवशी झाला पाहिजे. शंका असताना फ्लुरोक्विनोलोन गटातली प्रतिजैविके अंदाजाने देऊ नयेत. ती क्षयाच्या जंतूवरही थोडाफार परिणाम करतात, त्यामुळे आजार दबतो आणि निदान लांबते.

उशिराची दोषी दर वेळी तपासणीच नसते. अंगावरचे दूध पाजणारी बाई ही गाठ कोणाला दाखवायला संकोचते. ‘कॅन्सर निघाला तर’ ही धास्ती असते आणि ‘टीबी निघाला तर घरात काय म्हणतील’ हीसुद्धा. या भीतीपायी वाया जाणारे महिने कोणत्याही यंत्राने भरून निघत नाहीत.

चित्रे काय सांगतात

सोनोग्राफीत अनियमित, काळसर गाठ किंवा पुवाचे पोकळ कप्पे दिसतात, आणि सुई नेमकी कुठे घालावी हे कळते. हाच तिचा मोठा उपयोग. मॅमोग्राफीची, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेची, चित्रे कर्करोगाशी इतकी मिळतात की तेवढ्यावर फरक करता येत नाही. शिवाय तरुण स्त्रीचा स्तन घट्ट असल्याने चित्र स्पष्टही येत नाही. गाठीपासून त्वचेच्या फुगवट्यापर्यंत जाणारी दाट रेषा, म्हणजे पू वाहण्याची वाट, दिसली तर मात्र क्षयाचा संशय बळावतो. बरगडी किंवा छातीच्या भिंतीतून आजार आला असावा असे वाटल्यास सीटी स्कॅन करतात.

ऊतीचा नमुना

निदान ठरते ते ऊतीवर. बारीक सुईने पेशी काढतात किंवा जाड सुईने गाभ्याचा तुकडा घेतात. सूक्ष्मदर्शकाखाली एपिथेलॉइड पेशींचे पुंजके म्हणजे ग्रॅन्युलोमा, लँगहान्स प्रकारच्या मोठ्या पेशी आणि मधोमध चक्क्यासारखी मऊ, मेलेली ऊती दिसली तर क्षयाच्या बाजूने भक्कम पुरावा मिळतो. गळू असेल तर नुसता पू पुरत नाही. पुवात जंतू विरळ असतात, म्हणून गळवाच्या भिंतीचा तुकडाही घ्यावा लागतो.

सगळ्यात जास्त नुकसान होते ते एका साध्या चुकीने. काढलेला सगळा तुकडा फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकला जातो. फॉर्मॅलिनमध्ये ऊतीची रचना टिकते, पण जंतू मरतात; मग संवर्धन, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहणे, करता येत नाही आणि जंतूचे डीएनए शोधणारी जनुकीय चाचणीही भरवशाची राहत नाही. म्हणून नमुन्याचे दोन भाग करावेत : एक फॉर्मॅलिनमध्ये पॅथॉलॉजीकडे, दुसरा निर्जंतुक सलाईनमध्ये सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेकडे. हे शस्त्रक्रियेच्या आधीच ठरवावे लागते. एकदा बाटली भरल्यावर चूक सुधारायची तर त्या बाईला पुन्हा सुई सोसावी लागते.

झील-नील्सन रंजनात, म्हणजे जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याच्या पद्धतीत, जंतू दिसण्यासाठी मिलिलिटरमागे सुमारे ५ ते १० हजार जंतू लागतात. स्तनाच्या नमुन्यात ते इतके नसतात, त्यामुळे ही तपासणी बहुतेक वेळा नकारात्मक येते. सीबीनॅट ही जनुकीय चाचणी सुमारे दोन तासांत जंतूचे डीएनए शोधते आणि रिफाम्पिसिन या क्षयावरच्या मुख्य औषधाला प्रतिरोध आहे का तेही सांगते. गोव्यातल्या मोलबायो कंपनीच्या ट्रूनॅट या तशाच चाचणीला जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये मान्यता दिली. बॅटरीवर चालणारे हे यंत्र छोट्या दवाखान्यांतही ठेवता येते. जनुकीय चाचणी नकारात्मक आली म्हणून क्षय नाही, असे मात्र म्हणता येत नाही. द्रव माध्यमातल्या संवर्धनाला सहा आठवड्यांपर्यंत आणि घन माध्यमातल्या संवर्धनाला आठ आठवड्यांपर्यंत वेळ लागतो, तरी ते करावेच. क्षयाच्या कुळातले दुसरे जंतूही स्तनात असेच आजार करतात, त्यांची औषधे वेगळी असतात, आणि रंजनात दोघेही सारखेच दिसतात.

मॅन्टू ही त्वचेत सुई टोचून करायची चाचणी भारतात निर्णायक ठरत नाही, कारण जंतूचा सुप्त संसर्ग असंख्य निरोगी प्रौढांत असतो. रक्तातली प्रतिपिंडे मोजून क्षय ठरवणाऱ्या किटवर भारत सरकारने २०१२ मध्ये बंदी घातली आहे.

दोन फसवे शेजारी

ग्रॅन्युलोमा दिसला म्हणजे क्षय, हे समीकरण चुकीचे आहे. इडिओपॅथिक ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस नावाचा जंतूविना होणारा दाह त्याच वयाच्या, नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियांना गाठतो आणि तसाच वाहतो. त्यात ग्रॅन्युलोमा दुग्धग्रंथींच्या खंडिकांभोवती असतात आणि चक्क्यासारखी मृत ऊती नसते. पण प्रत्यक्षात ही सीमारेषा पुसट होते. या दाहाला स्टेरॉइड देतात. क्षय असताना नुसते स्टेरॉइड दिले तर आजार पसरतो. क्षय नसताना क्षयाची औषधे दिली तर यकृतावर भार टाकणारी औषधे सहा महिने विनाकारण खावी लागतात. जंतूचा पुरावा मिळवण्याचा आग्रह यासाठीच.

दुसरा शेजारी कर्करोग. दोन्ही आजार एकाच स्तनात किंवा एक स्तनात आणि दुसरा काखेत असू शकतात. त्यामुळे क्षय सापडल्यावरही गाठीच्या संशयास्पद भागाची बायोप्सी टाळू नये. उलट बाजूने, ऊतीच्या तपासणीआधी कर्करोग गृहीत धरून स्तन काढण्याची घाई करणे हा अन्यायच.

निदानानंतर

भारतात क्षयरोगाच्या रुग्णाची नोंद सरकारला कळवणे २०१२ पासून बंधनकारक आहे आणि राष्ट्रीय कार्यक्रमात औषधे मोफत मिळतात. सर्वसाधारण उपचार सहा महिन्यांचा : दोन महिने चार औषधे, पुढे चार महिने तीन औषधे. शस्त्रक्रिया पू काढण्यापुरती किंवा औषधांना न जुमानणाऱ्या आजारापुरती असते. आईने बाळाला बाधा नसलेल्या बाजूने पाजावे. या औषधांसाठी दूध तोडण्याची गरज नसते. सुरुवातीच्या आठवड्यांत गाठ कधी कधी आणखी मोठी होते. ती शरीराच्या प्रतिक्रियेची सूज असू शकते, म्हणून तेवढ्यावरून औषध बंद करू नये. दोन-तीन महिन्यांनीही गाठ हटत नसेल तर पुन्हा ऊती घेऊन, प्रतिरोधी जंतू आहे का आणि मूळ निदान बरोबर होते का, हे दोन्ही तपासावे लागते.